नाव घालून वाचलेला अध्याय

मंगळवार, १० जानेवारी १९६७

पोहोचलो एकदाचे. ट्रंकेची कडी शाबूत आहे, हिराला गाडी लागली नाही, आणि पवित्र शास्त्र मी उपरण्यात गुंडाळून सबंध वाट मांडीवर धरलं होतं, त्यामुळे त्यालाही काही झालं नाही. बोईसर स्टेशनावर भगवंत घ्यायला उभा होता. अंगाने भरला आहे. इथल्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावर तो एका ठेकेदाराकडे वेल्डर आहे. दिवाळीच्या सुमाराला एकटा आला होता, आता खोली मिळाली म्हणून सुनेला, नातीला आणि मला बोलावून घेतलं. एकुलता एक मुलगा. त्याच्यावाचून राहुरीकडे मी एकटा काय करणार होतो?

खोली तारापूरजवळच्या कोळीवाड्यात आहे, अगदी शेवटचं घर. घर रखमाबाई नावाच्या कोळणीचं. पुढचा भाग तिचा, मागच्या दोन खोल्या आमच्या. ती एकटीच असते, बोंबील वाळवते आणि पालघरच्या बाजारात विकते. बाई मोठ्या तोंडाची, पण चांगली. आल्याबरोबर हिराला तिने चणे दिले.

समुद्र मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. तो घराच्या फार जवळ आहे. मी तसं म्हणालो तर भगवंत हसून म्हणाला, दादा, तो काय उठून घरात येणार आहे का? मी म्हटलं, भरतीला येतोच की. वत्सला पदर तोंडाला लावून हसली. हसू दे. मला पाण्याची काळजी वाटते, हिरा सहा वर्षांची आहे.

नव्या वर्षात सबंध शास्त्र वाचून काढायचं असं मी गावाकडच्या पाळकसाहेबांना वचन दिलं आहे. रोज तीन अध्याय, आणि काय समजलं ते चार ओळींत लिहायचं. मी चौथी पास. मनातल्या मनात वाचलं तर मला कळत नाही, ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचावं लागतं.

आजचा पाठ: उत्पत्ति, याकोब परमुलुखात जातो आणि उशाला धोंडा घेऊन निजतो. चिंतन: परका मुलूख असला तरी देव तिथे आधीच पोहोचलेला असतो. आमच्या मंडळीत रीत आहे की वचनात आपल्या माणसाचं नाव घालून वाचायचं, म्हणजे ते वचन आपल्या घराला लागतं. म्हणून याकोबाच्या जागी मी भगवंताचं नाव घालून वाचलं.

रविवार, २२ जानेवारी

बारा दिवस झाले तरी जेवणाला बोंबलाचा वास येतो. वत्सला म्हणते, मामा, तुमच्या नाकातच बसलाय तो. खोकला थोडा आहे. कंदिलाची काच तडकली, ती बदलायला हवी. ओटीचं एक लाकूड सैल आहे, हिराचा पाय अडकेल म्हणून मी त्यावर पाट ठेवला.

पाठ मी संध्याकाळी ओटीवर वाचतो. घराचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे तिथे उजेड उशिरापर्यंत असतो. रखमाबाई बोंबील निवडत ऐकत बसते. मोशे आणि फारोची गोष्ट तिला फार आवडली. समुद्र दुभागला तेव्हा मात्र तिने मान हलवली. म्हणाली, "बाबा, आमचा दर्या असा वाट देनारा नाय." आणि तुमचा देव लई लांबलचक बोलतो, असंही म्हणाली.

तिचा मुलगा होडीवरून गेला आणि सापडला नाही, हे शेजारच्या बुधाकडून कळलं. बुधा म्हातारा खलाशी आहे, दिवसभर जाळी विणत बसतो. रखमाबाई मुलाचं नाव कधी घेत नाही, आमचा मोठा एवढंच म्हणते. मी बुधाला कारण विचारलं. तो म्हणाला की ज्याचं मढं दर्याने दिलं नाय त्याला दर्याकडे तोंड करून हाक मारू नये. तो हाकेचीच वाट बघत असतो. मी मनात म्हटलं, अज्ञान आहे. पण त्याच्या तोंडावर बोललो नाही. आपण भाडेकरू.

बुधवार, १ फेब्रुवारी

लेवीय चालू आहे. पाठ जड आहेत, रक्त, चरबी, राख. रखमाबाई म्हणते, ह्यापेक्षा आमची जत्रा बरी. भगवंताला मुकादमाने चांगलं म्हटलं, त्याची जोड गळत नाही म्हणून. रात्रीच्या जेवणानंतर तो हिराला पाठुंगळी घेऊन अंगणात फिरला. मी ओटीवरून सावकाश, सावकाश म्हणत होतो. कोणी ऐकत नाही.

चिंतन: सगळं बरं चाललं आहे. म्हणून भीती वाटते. हे चिंतन झालं का? पाळकसाहेबांना दाखवण्याआधी खोडायला हवं.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

आजपासून गणना. पहिले तीन अध्याय म्हणजे नुसती नावं, अमक्याचा मुलगा तमका. माझी जीभ अडखळत होती. मला वाटलं रखमाबाई उठून जाईल, पण ती निवडायचं थांबवून ऐकत राहिली. मध्येच तिने विचारलं की सगळ्यांची नावं घेतली का त्याने? मी म्हटलं, एकूण एक. बुडालेल्यांची पण? मी म्हणालो, देव कोणाचं नाव विसरत नाही.

ती उठली. मग तिने समुद्राकडे पाठ केली आणि माझ्या कानाशी येऊन एक नाव सांगितलं. महादू. म्हणाली, "तुमी भगवंताचं घालता ना, तसं माज्या पोराचं घाला एकदा. कुनी मोजलंच नाय त्याला."

मेलेल्यांसाठी प्रार्थना करू नये असं आमची मंडळी मानते, हे मला ठाऊक आहे. पण ही प्रार्थना नव्हे, वाचन आहे, असं मी स्वतःला सांगितलं. बाईच्या डोळ्यांकडे बघवत नव्हतं. तिसरा अध्याय होता. त्यात देव प्रत्येक घरच्या थोरल्या मुलाच्या ऐवजी दुसरा माणूस घेतो. एकाला एक, मोजून. तिथे मी महादूचं नाव घातलं आणि नेहमीसारखं मोठ्याने वाचलं. तोंड समुद्राकडे होतं. उजेड तिकडून येतो.

बुधा जाळं टाकून उठून घरात गेला. त्याने दार लावून घेतलं.

चिंतन: दुःखी माणसाचं मन राखणं हीही सेवाच आहे.

शुक्रवार, १० फेब्रुवारी

भगवंत कामावरून लवकर आला. हात भाजला आहे. मुकादम त्याच्यावर ओरडला म्हणे, वेल्डिंगचं हांडेल धरायचं विसरलास का? वत्सलेने खोबरेल लावलं. जेवताना त्याने बोंबील भाजून मागितला. इतके दिवस तो आमच्यासारखाच नाक मुरडायचा. आज काट्यासकट खाल्ला.

पाठ वाचला. रखमाबाई आली नाही. आत गात होती.

शनिवार, ११ फेब्रुवारी

भगवंत कामावर गेला नाही. सकाळी बुधाच्या ओटीवर बसून जाळ्याचं फाटलेलं भोक विणत होता. मी बघत राहिलो. आमच्या गावी विहिरीवाचून पाणी नाही, याला जाळं कोणी शिकवलं? बोटं अशी चालत होती की जन्मापासून तेच केलंय. बुधा त्याच्याकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता.

मी हाक मारली, भगवंता. त्याने मान वर केली नाही. तीनदा मारली. मग रखमाबाईने आतून हाक मारली, "म्हादू, पेज घे रं." तो उठला आणि आत गेला.

सोमवार, १३ फेब्रुवारी

काल लिहिता आलं नाही. 

तो आता पुढच्या घरातच असतो. रखमाबाईला आये म्हणतो. बोलणंही इकडचं, हाय, नाय, आमी. रंग, नाक, कपाळावरचा लहानपणीचा वण, सगळं भगवंताचं आहे. हिरा धावत जाऊन त्याच्या पायाला बिलगली. त्याने तिला अलगद बाजूला केलं आणि रखमाबाईला विचारलं, आये, ही कोनाची पोर? वाईट बोलला नाही. परक्या पोराशी बोलावं तसं बोलला. हिरा रडली नाही. ती माझ्यामागे येऊन उभी राहिली आणि मला हळूच म्हणाली, आजोबा, बाबा कुठे गेले?

वत्सला म्हणते त्याला ताप चढलाय डोक्यात. अंग थंडगार आहे त्याचं. मी हात लावून बघितला.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

पालघरला गेलो. तिथल्या पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा दिला. म्हणाले, कोळ्यांच्या संगतीने मुलगा दारू पीत असेल, डॉक्टरला दाखवा. मी तिसरा अध्याय काढून दाखवला. ते म्हणाले, झुंबरराव, त्याचा अर्थ वेगळा आहे, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. अर्थ मलाही कळतो. पण मी तो वाचला आहे, मोठ्याने, नाव घालून. ते कसं पुसायचं, एवढंच मला विचारायचं होतं. ते त्यांना ठाऊक नव्हतं.

परत आल्यावर रखमाबाईच्या पाया पडलो. या वयात. म्हटलं, माझा एकच आहे, परत दे. ती रडायला लागली. रडत रडतच म्हणाली, "मी कुटं मागितला तुमचा? मी माजा मागितला. तुमीच दिलात." आणि मग डोळे पुसून म्हणाली, आता कळतंय ना बाबा, कसं असतं ते.

मला राग आला नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही दिला नसता.

बुधवार, १५ फेब्रुवारी

आज हरवलेल्या मुलाची गोष्ट काढून वाचली, नेमलेला पाठ सोडून. भगवंताचं नाव घालून वाचली. काही झालं नाही. स्तोत्रं वाचली. काही नाही. घसा बसला.

सूर्य बुडताना हिराला शोधायला सुरूच्या झाडांपाशी गेलो. ती पाण्याकडे बघत उभी होती. म्हणाली, बाबा बोलावतायत. मी तिचा हात धरला, आणि मग मलाही ऐकू आलं. दादा. ओहोटी होती, होड्या सगळ्या वर ओढलेल्या होत्या, पाण्यावर कोणी नव्हतं. दादा. थंडी वाजल्यासारखा आवाज. लहान असताना अंघोळीला घातला की असाच हाक मारायचा.

मी ओरडलो. भगवंता, ये, इकडे ये. आवाज जवळ आला. अगदी लाटेच्या काठापर्यंत आला. तिथेच थांबला.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

बुधाकडे गेलो. विचारलं, हाक मारली तरी भगवंत काठाशीच का थांबतो? मग हात न थांबवता म्हणाला, येल कसा? आला तर बसंल कुटं? त्याची जागा भरली. दर्याचा हिशोब एकाला एक, बाबा. ह्यातलं तुमच्या पुस्तकात कसं आलं ते मला ठावं नाय, पन आमी हे कवाच बोलत नाय.

म्हणजे तो तिथे आहे. पाण्यात. वाट बघत. आणि त्याचं अंग इथे दुसऱ्याची पेज पितं आहे.

वत्सलेला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. भाकरी थापत राहिली. तवा जळत होता.

शुक्रवार, १७ फेब्रुवारी

कोळीवाड्यातल्या बायका आल्या. साखरबाई म्हणून एक, आणि आणखी दोघी. ओटीखाली उभ्या. प्रत्येकीकडे एक नाव. कोणाकडे बुडालेल्या नवऱ्याचं, कोणाकडे भावाचं. एकीने माझ्यासमोर पापलेटांची टोपली ठेवली. मी शास्त्र पोटाशी धरून आत पळालो. त्या गेल्या नाहीत. 

रात्री ठरवलं. लिहून ठेवतो, म्हणजे मन बदलणार नाही. त्या अध्यायात थोरल्याच्या जागी माणूस घेतात, महादूच्या जागी माझा थोरला घेतला. मी माझ्या घरचा थोरला. तेव्हा भगवंताला हाक मारून माझी जागा त्याला द्यायची. म्हातारं अंग आहे, गुडघे धरतात, दाढा नाहीत, तो वैतागेल. पण कोरडं आहे. ऊब आहे. हिराला ओळखेल. मी जाईन तिकडे. मला पोहता येत नाही. त्याने काय फरक पडणार आहे?

घरात दुसरं थोरलं कोणी नको. हिराही आईबापाची पहिलीच, ती नको.

रविवार, १९ फेब्रुवारी

सकाळी वत्सलेला आणि हिराला पालघरला पाठवलं, पाळकसाहेबांकडे. म्हटलं, मी बोलावल्याशिवाय येऊ नका. गाडीच्या थांब्यापर्यंत सोडलं. हिराने विचारलं, आजोबा, तुम्ही कधी येणार? मी म्हटलं, तुझे बाबा येतील.

घरी आलो. तोंड धुतलं. स्वच्छ सदरा घातला. ओटीवर बसलो. दुपार झाली, ऊन आहे. बायका अजून तिथेच. पुढच्या घरात तो झोपला आहे, घोरतो आहे, भगवंत कधी घोरत नसे.

आता वाचतो.

त्याच दिवशी

वाचलं. भगवंताचं नाव घातलं. ऐवजी माझं, झुंबर. दोनदा वाचलं. तोंड समुद्राकडे.

काही नाही. मी मीच आहे. गुडघा दुखतो आहे.

वाचताना बोट एका ओळीवर अडलं होतं — एक महिन्याचं आणि त्यावरचं मूल मोजावं. तेव्हा पुढे गेलो. आता आठवतं. आई सांगायची, माझ्या आधी एक होता. दीड महिना जगला. नाव ठेवलं नव्हतं. म्हणून कोणी धरत नाही.

देव धरतो. मी थोरला नाही.

मग कोणाला —

पालघरला आहेत. पालघर लांब आहे. लांब आहे.

त्याच दिवशी, उतरती दुपार

वत्सला परत आली. गाड्या निवडणुकीच्या कामाला नेल्या म्हणे. थांब्यावर दुपारपर्यंत वाट बघितली, मग किनाऱ्याने चालत आली. मी वाचत होतो तेव्हा दोघी सुरूच्या झाडांत होत्या. घरापासून हाकेवर.

हिरा वाटेत बसली होती. उठेना. मग उठली. तेव्हापासून बोलली नाही, असं वत्सला म्हणते.

आता माझ्यासमोर आहे. स्वतःचे हात उलटेपालटे करून बघते. म्हणाली, दादा. हिरा मला कधी दादा म्हणत नाही. म्हणाली, दादा, किती उशीर केलात. विहिरीत पडलो होतो तेव्हा लगेच दोर टाकलात. वत्सला तेव्हा आमच्या घरात नव्हती. हिरा तर जन्मली नव्हती.

मग ती वत्सलेकडे वळली. नावाने हाक मारली. नवऱ्याने मारावी तशी. वत्सलेच्या हातातला तांब्या पडला.

माझा मुलगा आला आहे. मी त्याला जवळ घेतलं. एवढासा आहे. थरथरतो आहे. विचारतो, हिरा कुठे आहे?

संध्याकाळ

पाण्याकडून आवाज येतो आहे. आजोबा. आजोबा.

भगवंत दाराकडे धावतो, पाय लहान, उंबऱ्याला अडखळतो. पुढच्या घरातून तो दुसरा बाहेर आला आहे, रखमाबाईने त्याचा दंड धरला आहे. बायका ओटीवर चढल्या. सगळ्या एकदम नावं सांगतात.

वत्सलेने शास्त्र उघडून माझ्या मांडीवर ठेवलं. तोच अध्याय. म्हणते, मामा, वाचा, हिराला बोलवा, माझं नाव घाला, मी माहेरची थोरली. भगवंत म्हणतो नको. हिराच्या तोंडाने म्हणतो, दादा, हिला नको, मला परत —

उजेड जातो आहे. बोट ओळीवर ठेवलं आहे. हिराचं नाव म्हणायचं आणि पुढे — पुढे कोणाचं — आवाज जवळ आला, लाटेच्या काठाशी, ती थंडीने — प्रभू, मी कोणाचं